हाफ-लाइफ २ : जी-मॅनला नेमके हवे तरी काय?

व्हॉल्व्ह कंपनीचा ‘हाफ-लाइफ २’ हा गेम नोव्हेंबर २००४ मध्ये बाजारात आला आणि बरोबर वीस वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, कंपनीने त्याची सुधारित आवृत्ती स्टीम या आपल्या ऑनलाइन गेम-दुकानावर उपलब्ध करून दिली. ‘एपिसोड वन’ आणि ‘एपिसोड टू’ हे कथेचे पुढचे दोन भाग आता मूळ गेममध्येच मिळतात, ते वेगळे घ्यावे लागत नाहीत. अनेक जुने दोष दुरुस्त झाले आहेत. आणि गेम घडवणाऱ्यांचे विवेचन खेळता खेळता ऐकण्याची जी सोय पूर्वी एपिसोडांना होती, ती मूळ गेमलाही मिळाली आहे. वस्तू उचलून फेकणारी ग्रॅव्हिटी गन, सिटी १७ चे उदास रस्ते, रेव्हनहोममधली रात्र यांविषयी आजवर इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याची गरज नाही. हे परीक्षण मी एका पात्रापुरते मर्यादित ठेवतो आहे, कारण हा गेम पुन्हा पुन्हा खेळावासा वाटतो तो माझ्या मते मुख्यतः त्या पात्रामुळे.

सूट, टाय आणि हातात ब्रीफकेस असलेला हा माणूस मालिकेच्या पहिल्या गेमपासून, म्हणजे १९९८ पासून, आपल्यावर नजर ठेवून आहे. ज्याच्या भूमिकेत आपण खेळतो त्या गॉर्डन फ्रीमनला तो स्वतःचे नाव कधीच सांगत नाही. पहिल्या ‘हाफ-लाइफ’मध्ये त्याच्या प्रतिकृतीच्या फाइलला दिलेले ‘जी-मॅन’ हे नाव खेळाडूंनी उचलले आणि तेच रूढ झाले. तो कोण आहे यापेक्षा त्याला काय हवे आहे, या प्रश्नावर खेळाडूंनी गेली पंचवीसहून अधिक वर्षे तर्क लढवले आहेत. त्यांतले काही तर्क अतिशय बारकाईने बांधलेले आहेत आणि काही केवळ हौसेचे आहेत. परीक्षण करणाऱ्याने विचारायचा प्रश्न मात्र निराळा आहे. या तर्कांपैकी कोणता टिकतो आणि कोणता टिकत नाही हे ठरवता येईल इतका पुरावा गेम स्वतः देतो का? माझे उत्तर होकारार्थी आहे, आणि तो पुरावा पुष्कळांना वाटतो त्यापेक्षा अधिक सुसंगत आहे. पुढे कथेतील जवळजवळ सर्व गाठी उघड होणार आहेत, तेव्हा ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांनी आधी तो खेळावा आणि मग हे वाचावे.

‘हाफ-लाइफ’, ‘हाफ-लाइफ २’ आणि दोन्ही एपिसोड यांत आपली दृष्टी गॉर्डनच्या डोळ्यांबाहेर कधीच जात नाही. खेळाडूच्या हातून सूत्रे काढून घेऊन चित्रपटासारखा प्रसंग दाखवायचा, किंवा खलनायकांची बंद खोलीतली खलबते ऐकवायची, असे येथे होत नाही. गॉर्डन स्वतः एक शब्दही बोलत नाही. त्यामुळे जी-मॅनविषयी आपल्याला जे कळते ते गॉर्डनच्या कानाडोळ्यांपर्यंत पोहोचलेले तेवढेच असते, आणि त्याला उलट प्रश्न विचारण्याची सोय नसते. जे प्रश्न गॉर्डनने विचारायला हवे होते ते खेळाडूंना एकमेकांना विचारावे लागले आणि त्यातूनच हे सारे तर्क जन्माला आले. ही रचना मला फार मोलाची वाटते, कारण माहिती दडवून ठेवण्यासाठी गेमला कोणतीही लबाडी करावी लागत नाही.

सुरुवातीचाच प्रसंग पाहा. अंधारातून जी-मॅनचा चेहरा अगदी जवळ येतो. तो गॉर्डनला जागे व्हायला सांगतो आणि लगेच, तू कामाच्या वेळी झोपला होतास असे मला सुचवायचे नाही, अशी पुस्ती जोडतो. विश्रांतीवर तुझ्याइतका कोणाचाच हक्क नाही, पण आता तुझी वेळ पुन्हा आली आहे, चुकीच्या जागी असलेला योग्य माणूस जगात केवढा तरी फरक घडवू शकतो, असे तो बोलत राहतो. मग चेहरा विरतो आणि आपण सिटी १७ मध्ये शिरणाऱ्या आगगाडीच्या डब्यात उभे असतो. डब्यातला एक थकलेला प्रवासी सहज म्हणून जातो की तुम्ही चढलेले मला दिसलेच नाहीत. या एका साध्या वाक्याने गेम आपल्याला सांगतो की गॉर्डन कोणत्याही स्थानकावरून आलेला नाही. त्याला तेथे आणून ठेवले आहे. आणून ठेवणाऱ्याचा हेतू काय, हा प्रश्न खेळाडूने एकही पाऊल टाकण्याआधी उभा राहतो.

त्याचा आवाज मायकल शापिरो यांचा आहे. शब्दातल्या भलत्याच अक्षरावर जोर देणे, वाक्याच्या मधोमध श्वास घेणे, शेवटचे व्यंजन नको तेवढे लांबवणे, अशी त्यांची बोलण्याची पद्धत आहे. माणसाची भाषा शिकून घेतलेले, पण माणसासारखा श्वास घेण्याची सवय नसलेले कोणीतरी बोलते आहे असे ती ऐकताना वाटते. गॉर्डनचा जुना, मनमोकळा सहकारी बार्नी कॅलहून यालाही शापिरो यांनीच आवाज दिला आहे हे समजल्यावर या कामगिरीविषयीचा आदर आणखी वाढतो. चेहऱ्यावरही तेवढीच मेहनत आहे. व्हॉल्व्हने पात्रांचे हावभाव मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या चेहऱ्याच्या हालचालींच्या वर्गीकरणावर आधारले होते, आणि २००३ च्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात या तंत्राचे प्रात्यक्षिक जी-मॅनच्याच चेहऱ्यावर दाखवले होते. ओठ हसत असतात तेव्हा डोळे त्यात सामील होत नाहीत. आज हे ग्राफिक्स जुने झाले आहेत, पण हा चेहरा जुना झालेला नाही.

तर्कांकडे वळण्यापूर्वी पहिल्या गेमचा धागा हाती असायला हवा. न्यू मेक्सिकोतील ब्लॅक मेसा या संशोधन केंद्रात गॉर्डन हा सत्तावीस वर्षांचा भौतिकशास्त्रज्ञ नोकरीला आहे. कामावर जाताना, एका काचेपलीकडच्या खोलीत जी-मॅन एका शास्त्रज्ञाशी तावातावाने बोलताना दिसतो. शब्द ऐकू येत नाहीत. थोड्याच वेळात परग्रहावरच्या एका नमुन्यावरचा प्रयोग फसतो, दोन विश्वांमधली भिंत फुटते आणि झेन नावाच्या सीमावर्ती जगातले प्राणी केंद्रात घुसतात. पुढे अनेकदा जी-मॅन लांबच्या कठड्यावर किंवा काचेमागे दिसतो, टाय सारखा करतो आणि दाराआड निघून जातो. आपण तेथे पोहोचतो तेव्हा तो नसतो. अखेरीस गॉर्डन झेनमध्ये जाऊन नायहिलॅन्थ या प्रचंड जीवाला मारतो आणि तेव्हा कुठे जी-मॅन समोर येऊन बोलतो: झेन आता आमच्या ताब्यात आहे, माझ्या मालकांकडे मी तुझी शिफारस केली आहे, नोकरी पत्करायची की जिंकता न येणारी लढाई लढायची ते तू ठरव.

सर्वांत जुना तर्क असा की तो अमेरिकी सरकारचा गुप्त अधिकारी आहे. सूट, ब्रीफकेस, सरकारी पैशावर चाललेले केंद्र आणि साक्षीदार संपवायला धाडलेले सैनिक हे सारे पाहता तो सुचणे साहजिक होते. परंतु पहिला गेमच त्याला पुरून उरतो. शेवटच्या संवादात जी-मॅन गॉर्डनची शस्त्रे काढून घेतल्याचे सांगतो आणि त्यांतली बरीचशी सरकारी मालमत्ता होती असे कारण देतो. सरकारचा उल्लेख तो एखाद्या त्रयस्थाचा करावा तसा करतो. शिवाय नायहिलॅन्थ गॉर्डनला तुटक शब्दांत बजावतो की तू माणूस आहेस, तो माणूस नाही, तो तुझी वाट पाहतो आहे. हे वाक्य लढाईच्या गोंगाटात सहज निसटते, म्हणूनच हा तर्क अजून अधूनमधून डोके वर काढतो.

जी-मॅन म्हणजे भविष्यातला वयस्क गॉर्डनच, हा तर्कही जुना आहे आणि मला तो कधीच पटला नाही. पहिल्या गेममधल्या ओबडधोबड चेहऱ्यांतले साम्य एवढाच त्याचा मुख्य आधार होता, आणि ‘हाफ-लाइफ २’मध्ये चेहरे स्पष्ट झाल्यावर तोही उरला नाही. त्याहून मोठी अडचण अशी की या तर्काने हेतूचा उलगडा होतच नाही. स्वतःच्या तरुणपणाला वर्षानुवर्षे गोठवून ठेवून गरजेपुरते बाहेर काढणाऱ्या माणसाला काय साधायचे आहे, हे पुन्हा सांगावे लागतेच.

पृथ्वी बळकावणाऱ्या कम्बाइन या परग्रही साम्राज्याचा तो हस्तक आहे, हा तिसरा तर्क मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. ‘एपिसोड टू’च्या अखेरीस ब्लॅक मेसातला गॉर्डनचा जुना सहकारी ईलाय व्हॅन्स त्याला सांगतो की ब्लॅक मेसाचा घात करणारा तो नमुना आणून देणारा हाच माणूस होता, आणि प्रयोगाच्या क्षणभर आधी अनपेक्षित परिणामांना तयार राहा असे आपल्या कानात कुजबुजणाराही हाच होता. त्या अपघातानंतरच्या उलथापालथीत कम्बाइनचे लक्ष पृथ्वीकडे वळले, सात तासांच्या युद्धात पृथ्वी पडली आणि ब्लॅक मेसाचा जुना प्रशासक वॉलेस ब्रीन कम्बाइनच्या वतीने कारभार पाहू लागला. नमुना जी-मॅनचा आणि लाभ कम्बाइनचा, तेव्हा तो कम्बाइनचाच, असा हा हिशेब आहे. पण मग त्याच जी-मॅनने गॉर्डनला सुमारे दोन दशकांनी नेमके कम्बाइनच्या गडात का सोडावे? या तर्काचे समर्थक म्हणत की कम्बाइनमधल्याच दोन गटांचा तो संघर्ष असावा. २३ मार्च २०२० रोजी आलेल्या ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’ने हा वाद निकालात काढला. ‘हाफ-लाइफ २’च्या पाच वर्षे आधी घडणाऱ्या या कथेत कम्बाइनने आकाशात टांगलेल्या एका तिजोरीत कोणाला तरी डांबले आहे, ईलायची मुलगी ॲलिक्स तो गॉर्डन असावा अशा समजुतीने ती तिजोरी उघडते आणि आतून जी-मॅन बाहेर पडतो. जो कम्बाइनचा कैदी आहे तो कम्बाइनचा चाकर नाही.

आता मला सर्वांत सबळ वाटणारा तर्क सांगतो. जी-मॅन मध्यस्थ आहे आणि त्याचा व्यवहार माणसांचा आहे. बाजार समितीतल्या आडत्याचा माल स्वतःचा नसतो आणि खरेदीचा पैसाही स्वतःचा नसतो, तरी त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय सौदा होत नाही. जी-मॅनचे स्थान मला तसे दिसते. हा तर्क माझा नव्हे, खेळाडूंमध्ये तो बऱ्याच काळापासून आहे. त्याच्या बाजूचा पुरावा किती ठिकाणी आणि किती वेगवेगळ्या तोंडांतून येतो हे मात्र सगळे भाग सलग खेळल्यावर लख्ख दिसते, आणि या एकत्रित आवृत्तीचा मला झालेला सर्वांत मोठा लाभ हाच.

पहिल्या गेममध्ये तो मालकांनी नोकरी देऊ करण्याचा अधिकार आपल्याला दिल्याचे सांगतो. दुसऱ्या गेमच्या शेवटी सिटाडेल या कम्बाइनच्या बालेकिल्ल्याचा स्फोट मध्यावर थांबवून तो गॉर्डनला कळवतो की तुझ्या सेवेसाठी माझ्याकडे काही चांगले प्रस्ताव आले आहेत, एरवी मी त्यांचा विचारही केला नसता, पण दिवस असाधारण आहेत; आणि निवडीचा आभास निर्माण करण्यापेक्षा या वेळी तुझ्या वतीने मीच निवड करतो. हे त्याचे स्वतःचे बोलणे झाले, ते खोटे असू शकते. पण त्याच्या थोडे आधी शत्रुपक्षाचा ब्रीन गॉर्डनला तोंडावर विचारतो की तुझा करार सर्वाधिक बोली लावणाऱ्याला खुला आहे हे तुला ठाऊक आहे का. ब्रीनला जी-मॅनची भलामण करण्याचे काहीच कारण नाही. दोन विरुद्ध बाजूंची माणसे एकच गोष्ट सांगत असतील तर ती मानायला हवी. ‘एपिसोड टू’मध्ये तो ॲलिक्सविषयी बोलतानाही गुंतवणूक आणि मूल्यमापन यांचाच हिशेब मांडतो.

याच प्रसंगाकडे बारकाईने पाहायला हवे, कारण संपूर्ण मालिकेत जी-मॅनच्या मनात डोकावण्याची एवढी संधी दुसरीकडे मिळत नाही. हंटर नावाच्या यंत्रजीवाने ॲलिक्सला प्राणघातक जखमी केले आहे. भूमिगत बिळांमध्ये व्हॉर्टिगॉन्ट तिच्याभोवती बसून तिचे प्राण परत आणू पाहत आहेत आणि त्यांचे सारे चित्त त्या कामी लागलेले आहे. हे व्हॉर्टिगॉन्ट पूर्वी नायहिलॅन्थचे गुलाम होते, गॉर्डनने त्याला मारल्यामुळे ते मुक्त झाले, आणि ‘एपिसोड वन’च्या प्रारंभी त्यांनीच गॉर्डनला जी-मॅनच्या तावडीतून हिसकावून नेले होते. तेव्हा जी-मॅनच्या चेहऱ्यावर प्रथमच चीड उमटली होती. आता त्यांचे लक्ष विचलित होताच तो आत येतो, गॉर्डनला जागच्या जागी खिळवतो आणि आजवर आपल्याला ही संधी मिळत नव्हती असे उघडपणे मान्य करतो. ॲलिक्सला लहानपणी ब्लॅक मेसातून आपणच उचलून आणले, तेव्हा एवढीशी पोर कोणाच्या काय उपयोगाची अशी हरकत घेणारे होते, पण अशांचा बंदोबस्त करणे शक्य नसते तेव्हा त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला आपण शिकलो आहोत, हे तो सांगतो. तुमच्यावर नजर ठेवण्यापलीकडे काही करायला मला आवडले असते, पण काही बंधने पाळण्याचे मी कबूल केले आहे, असेही तो म्हणतो. मग ॲलिक्सवर वाकून तिच्या वडिलांसाठी एक निरोप तिच्या कानात ठेवतो. पुढे व्हाइट फॉरेस्ट या बंडखोरांच्या तळावर ती भारल्यासारखी तेच शब्द ईलायला ऐकवते. ते शब्द म्हणजे प्रयोगाआधी ईलायच्या कानात पडलेले तेच वाक्य. आपण काय बोललो हे तिला ठाऊकही नसते, आणि बापाचा चेहरा मात्र उतरतो.

या दोन-तीन मिनिटांनी मध्यस्थाच्या तर्काला एक महत्त्वाची जोड मिळते. त्याचे मालक एकमुखी नाहीत. त्यांच्यात किंवा त्याच्या बरोबरीच्यांत हरकत घेणारे कोणीतरी आहे. तो स्वतः करारबद्ध आहे, आणि तरीही मालकांना नको असलेली गोष्ट स्वतःच्या अंदाजावर करून मोकळा होतो. ॲलिक्सला वाचवणे हा त्याचा स्वतःचा निर्णय होता. म्हणून मला असे वाटते की त्याच्या हेतूचे दोन भाग पाडल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही. नमुना पोहोचवणे, नायहिलॅन्थचा काटा काढणे, झेन ताब्यात घेणे, सिटाडेल पाडणे ही मालकांची कामे आहेत. माणसे हेरणे, ती राखून ठेवणे आणि योग्य क्षणी योग्य ठिकाणी उभी करणे हे त्याचे स्वतःचे काम, आणि त्यात त्याला स्वतःचा रसही दिसतो. गिअरबॉक्सने १९९९ मध्ये केलेल्या ‘ऑपोझिंग फोर्स’ या पूरक गेममध्ये सैनिक एड्रियन शेफर्डला तो असाच कोठेतरी बंद करून ठेवतो. हा भाग मूळ कथेत धरावा की नाही याविषयी मतभेद आहेत, पण त्यातले वर्तन या चित्राशी तंतोतंत जुळते.

मालकांची कामे आणि त्याची स्वतःची निवड यांतली ही फट ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’च्या शेवटी आणखी स्पष्ट होते. सुटकेच्या बदल्यात ॲलिक्स पृथ्वीवरून कम्बाइनला हाकलण्याची मागणी करते, तेव्हा तो मालकांच्या हितसंबंधांचे कारण पुढे करून ती नाकारतो. त्याऐवजी तो तिला भविष्यातला वडिलांचा मृत्यू दाखवतो, तो टाळण्याची मुभा देतो, आणि तिने वडिलांना वाचवताच तिलाच गॉर्डनच्या जागी ठेवून घेतो. गॉर्डन सोपवलेली कामे करू शकत नाही किंवा करू इच्छित नाही, असा त्याचा शेरा असतो. जिला मालकांनी निरुपयोगी ठरवले होते ती मुलगी अखेर त्याच्या मर्जीप्रमाणे त्याच्या हाती आली. पहिल्या दोन्ही गेमचे लेखक मार्क लेडलॉ यांनी कंपनी सोडल्यानंतर २०१७ मध्ये नावे बदलून प्रसिद्ध केलेल्या कथासारांशातही हे पात्र शेवटी ॲलिक्सला नेते आणि गॉर्डनला मागे सोडते. नंतरच्या लेखकांनी वेगळ्या वाटेने तोच मुक्काम गाठला, यावरून ही दिशा आयत्या वेळी सुचलेली नसावी असे मला वाटते.

आणखी एक तर्क आहे आणि तो हुशारीचा आहे. जी-मॅन म्हणजे गेम घडवणाऱ्यांचेच रूप, असे तो मांडतो. तोच आपल्याला गेमच्या प्रारंभी आणून ठेवतो आणि शेवटी उचलून नेतो, काळ थांबवतो, शस्त्रे काढून घेतो, निवड हा आभास आहे असे सांगतो. याला गेममध्येच दुजोरा मिळतो: गॉर्डनला ‘मुक्त माणूस’ म्हणणारे व्हॉर्टिगॉन्ट त्याला असेही ऐकवतात की दूरदूरचे डोळे तुझ्या डोळ्यांतून पाहत आहेत, आणि कोणती तरी गुप्त शक्ती आपणा दोघांनाही हाकत आहे, तिचे नाव आम्ही घेणार नाही. खुर्चीत बसलेल्या खेळाडूला हे वाक्य स्वतःला उद्देशून आहे असे वाटले तर त्यात नवल नाही. तरीही हा तर्क मी दुय्यम मानतो. तो पात्राचे कथेबाहेरचे कार्य सांगतो, कथेतला हेतू सांगत नाही; आणि एकदा तो स्वीकारला की नमुना कोणी आणला, ॲलिक्सला का वाचवले, हरकत घेणारे कोण, या प्रश्नांवर विचार करण्याचे कारणच उरत नाही.

‘अनपेक्षित परिणामांना तयार राहा’ हा निरोप धमकी आहे की सूचना, यावर खेळाडूंत अजून दोन पक्ष आहेत. सूचना मानणाऱ्यांचे म्हणणे असे की दोन्ही वेळा संकट खरोखर आले आणि दोन्ही वेळा त्याने आधी सांगितले होते. मी धमकीच्या बाजूने आहे. सावध करायचेच असते तर ते गॉर्डनलाही सांगता आले असते. तो समोरच होता. मुलीच्या तोंडून, तिच्या नकळत, वीस वर्षांपूर्वीचे तेच शब्द बापाला ऐकवण्यात तुझी मुलगी माझ्या हातात आहे एवढेच सांगायचे असते. ईलायही ते तसेच समजतो, आणि गॉर्डनला सविस्तर सांगण्याआधीच कम्बाइनच्या ॲडव्हायझर नावाच्या जीवाकडून मारला जातो.

येथे मला गेमविषयीची तक्रारही नोंदवायला हवी. ‘हाफ-लाइफ २’च्या मधल्या प्रकरणांत जी-मॅनचे दर्शन फार विरळ आहे. पहिल्या गेममध्ये तो अशा जागी दिसे की मान जराशी वळवली तरी पुरे. दुसऱ्यात त्याला पाहण्यासाठी दुर्बिणीतून नेमक्या दिशेला पाहावे लागते किंवा एखाद्या पडद्याकडे क्षणभर लक्ष जावे लागते. कालव्यातून होडी हाकताना आणि किनाऱ्यावरून गाडी पळवताना वेग इतका असतो की बहुतेक खेळाडू यांतले काहीच न पाहता पुढे जातात, आणि त्यांच्या दृष्टीने हे पात्र फक्त सुरुवातीला व शेवटी उरते. ‘एपिसोड वन’मध्ये प्रारंभानंतर तो अजिबात येत नाही, ही तर उघड उणीव आहे. इतका मौल्यवान धागा हाती असताना एक पूर्ण भाग त्याच्याविना जावा हे पटत नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. ‘एपिसोड टू’ ऑक्टोबर २००७ मध्ये ईलायच्या मृत्यूवर थांबला आणि तिसरा एपिसोड आलाच नाही. कथेचा पुढचा दुवा ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’मध्ये आहे आणि तो गेम अधिकृतपणे व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटशिवाय खेळता येत नाही. भारतात हे हेडसेट आजही महाग आहेत आणि घरोघरी नाहीत. त्यामुळे येथल्या बहुसंख्य खेळाडूंना जी-मॅनच्या हेतूविषयीचा सर्वांत निर्णायक पुरावा दुसऱ्याने खेळलेल्या चित्रफितीतच पाहावा लागतो. ज्या मालिकेचा सारा प्रभाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यावर उभा आहे तिच्या बाबतीत ही मोठीच हानी आहे. शिवाय ‘एपिसोड टू’चा शेवट या आवृत्तीत पूर्वीसारखाच आहे, म्हणजे त्यात ईलाय मरतो, ‘ॲलिक्स’मध्ये तो वाचतो. नव्या खेळाडूला हे कोणी सांगितले नाही तर पुढच्या चर्चा त्याला कळणार नाहीत.

खेळणाऱ्यांना माझी शिफारस अशी. १९९८ चा ‘हाफ-लाइफ’ आधी खेळावा; तो साध्या संगणकावरही चालतो, आणि त्याच्याशिवाय ‘हाफ-लाइफ २’चे पहिले वाक्यसुद्धा अर्धेच समजते. नंतर ‘हाफ-लाइफ २’ आणि दोन्ही एपिसोड खंड न पाडता पूर्ण करावेत. इंग्रजी उपशीर्षके चालू ठेवावीत, कारण जी-मॅनच्या विचित्र उच्चारांमुळे काही शब्द हमखास निसटतात, आणि व्हॉर्टिगॉन्ट दिसले की त्यांच्याजवळ थांबून ते पुन्हा पुन्हा काय बोलतात ते ऐकावे. या प्रश्नावरचे काही सर्वांत महत्त्वाचे शब्द त्यांच्याच तोंडी आहेत आणि कथा पुढे नेण्यासाठी ते ऐकणे सक्तीचे नसल्यामुळे बरेच जण ते ऐकतच नाहीत. निर्मात्यांचे विवेचन पहिल्या वेळी बंद ठेवावे. दुसऱ्या वेळी ते चालू करून खेळल्यास प्रत्येक प्रसंगात खेळाडूची नजर कोठे जावी यासाठी किती खटाटोप केला होता ते समजते, आणि मग जी-मॅनला कोणत्या कोपऱ्यात शोधावे याचाही अंदाज येऊ लागतो.